मांजरं जमवायची की माकडं मांडायची?

परवा भाच्याचा मेसेज आला. मामा, तू मागे सांगत होतास तो पोकेमॉनवाला टॉवर डिफेन्स (चालून येणाऱ्या शत्रूला आपलं सैन्य लावून अडवायचं, असा गेमचा प्रकार) आता कुठे मिळेल, आणि नसेलच मिळत तर बॅटल कॅट्स टाकू का ब्लून्स घेऊ, एकच सांग, फोनमध्ये जागा नाहीये. म्हटलं संध्याकाळी सांगतो. टाईप करायला बसलो तर ते लांबतच गेलं, आणि हाच प्रश्न ऑफिसातल्या दोघांनी पण विचारून झालाय, म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू.

आधी तो जुना गेम, कारण सगळी गोम तिथेच आहे. पोकेमॉन टॉवर डिफेन्स 2011 मध्ये आला, फॅन लोकांनी फ्लॅशमध्ये बनवलेला, ब्राउझरमध्ये उघडायचा आणि खेळायचा. आम्ही सायबर कॅफेत खेळायचो, एकाने पैसे भरायचे आणि तिघांनी मागे उभं राहून अक्कल शिकवायची. नकाशावर एक रस्ता, रस्त्याच्या टोकाला आपल्या रेअर कँडी ठेवलेल्या, आणि जंगली पोकेमॉन त्या चोरायला येणार. टॉवर म्हणजे आपले स्वतःचे पोकेमॉन, सहा जणांची टीम, रस्त्याच्या कडेला त्यांना उभं करायचं. इथपर्यंत नेहमीचा टॉवर डिफेन्स. पण जो चोर येतोय त्याचं हेल्थ कमी झालं की त्याच्यावर बॉल टाकून त्यालाच पकडता यायचं आणि पुढच्या लेव्हलला तोच आपल्या बाजूने उभा! त्यामुळे पंचाईत अशी व्हायची की हवा असलेला पोकेमॉन समोरून येतोय आणि आपलाच चार्मँडर त्याला भाजून मोकळा होणार, मग चार्मँडरला घाईघाईने उचलून बाजूला करायचं, कमजोर कोणाला तरी पुढे आणायचं, तेवढ्यात मागून दुसरा येऊन कँडी घेऊन पसार. मागचे तिघं एकदम ओरडणार, अरे बॉल टाक बॉल.

तो आता विसरा. 31 डिसेंबर 2020 ला अ‍ॅडोबीने फ्लॅश प्लेअर बंद केला आणि त्या काळातले असे कितीतरी गेम त्याच्याबरोबर गेले. त्याच नावाच्या कुठल्यातरी एपीके फाइली इकडेतिकडे दिसतात, त्या फोनमध्ये टाकू नका, ज्या फोनवर यूपीआय आहे त्या फोनमध्ये तर अजिबात नको.

तर मुद्दा काय, त्या एका गेममध्ये दोन वेगळ्या मजा होत्या. एक पकडण्याची आणि एक मांडण्याची. आता जे चांगले गेम उरलेत त्यांच्यात या दोन मजा वेगवेगळ्या घरी नांदायला गेल्यात. आपल्याला नक्की कशाचं वेड होतं हे कळलं की कुठला घ्यायचा ते आपोआप कळतं.

लहानपणी दिवाळीत किल्ला करताना पण पोरांमध्ये हे दोन प्रकार असायचेच बघा. एक जण बाजारात जाऊन मावळेच घेत बसायचा, हा तलवारवाला आहे, हा तुतारीवाला नाहीये, तोफ अजून एक पाहिजे, आणि घरी आल्यावर सगळे किल्ल्यावर कसेही ओतून मोकळा. दुसऱ्याकडे मागच्या वर्षीचे सात-आठच मावळे, त्यातल्या एकाचा हात तुटलेला, पण बुरुजावर कोण, दरवाज्यात कोण, चोरवाटेवर कोण याच्यावर तो तासभर घालवणार. पहिला असाल तर बॅटल कॅट्स. दुसरा असाल तर ब्लून्स. मी दुसरा आहे हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की तू एकाच बाजूने बोलतोस.

बॅटल कॅट्स: जमवणाऱ्यांचं घर

जपानमधल्या पोनोस कंपनीचा गेम, तिकडे 2012 मध्ये आला आणि अजूनही त्याच्यात नवीन काहीतरी येतच असतं. दिसायला अगदी येडचाप. पांढरी मांजरं, जाड काळ्या रेघेने काढलेली, पोरांनी वहीच्या मागच्या पानावर काढावीत तशी. सुरुवातीला वाटतं हे काय, पण दोन दिवसात त्या चित्रांचीच सवय लागते.

टॉवर डिफेन्स म्हणून बघाल तर हा सरळ एका रेषेत चालतो. उजवीकडे आपला तळ, डावीकडे शत्रूचा. पैसे आपोआप वाढत राहतात, खाली दहा मांजरांचे डबे, बोट लावलं की मांजर बाहेर पडून चालायला लागतं. एकदा निघालं की निघालं, त्याला थांब म्हणता येत नाही, मागे फिर म्हणता येत नाही. कुठे ठेवायचं हा प्रश्नच नाही इथे, प्रश्न फक्त कोण आणि कधी. तळावर एक तोफ असते, ती भरली की सोडायची, समोरचे सगळे थोडे मागे ढकलले जातात.

ऐकायला सोपं वाटतं. खरं काय होतं सांगतो. समोरून एखादा मोठा बॉस येतोय, आपण आनंदात सगळे पैसे महागड्या मांजरावर घालवले, ते डुलत डुलत पुढे गेलं, आणि त्याच्यासमोर आडवं उभं राहायला कोणीच नाही म्हणून दोन फटक्यात संपलं. परत पैसे साठेपर्यंत बॉस तळाला भिडलेला. मग अक्कल येते की पहिल्या चॅप्टरात 50 आणि 100 पैशांना मिळणारी जी दोन फालतू मांजरं आहेत, साधं मांजर आणि टँक कॅट, त्यांना न थांबता सोडत राहायचं, ती मरत राहणार, पण ती मरतायत तोपर्यंत मागचे लांब पल्ल्याचे लोक आपलं काम करतात. माझा अंगठा त्या टँक कॅटच्या डब्यावर इतका आपटलाय की स्क्रीनगार्डवर तिथेच चरा पडलाय. आणि पैसे वाढवणारा जो कामकरी मांजर आहे त्याची लेव्हल आधी वाढवायची का आधी सैन्य सोडायचं, हा एकच निर्णय अर्ध्या लढाया ठरवतो, तो मात्र प्रत्येक वेळी नव्याने घ्यावा लागतो.

आता जमवण्याची बाजू, जिच्यासाठी लोक हा खेळतात. नऊ साधी मांजरं सगळ्यांना मिळतात. दहाव्या लेव्हलला रूप बदलतं, पोकेमॉनच्या इव्हॉल्व्हसारखंच, फक्त याच्यात लॉजिक शोधायला जाऊ नका. मासा असतो त्याचा देवमासा होतो, पालीचा ड्रॅगन होतो, गायीची जिराफ होते (का ते त्या जपानी माणसालाच माहीत), आणि पक्ष्याची उडती तबकडी. मला अजून आठवतंय गायीची जिराफ झाली तेव्हा मी बसमध्ये एकटाच हसलो होतो आणि बाजूच्या काकांनी वळून बघितलं होतं. याशिवाय या नऊ मांजरांची क्रेझ्ड म्हणून लाल डोक्याची भावंडं आहेत, ती महिन्याच्या ठरलेल्या तारखांनाच येतात, 3, 6, 9 असं करत 27 पर्यंत, तीनच्या पाढ्यात. त्या तारखेला तो स्टेज उघडतो, जिंकायला कठीण असतो, पण तिथे पैसे नाही, तयारी लागते. मला विचाराल तर जमवण्याची खरी मजा या क्रेझ्डमध्येच आहे, कॅलेंडरवर खूण करून वाट बघायची, चतुर्थीसारखी.

पहिल्या मोठ्या भागात तीन चॅप्टर, प्रत्येकात 48 स्टेज. प्रत्येक स्टेजमधून एक खजिना पडतो, तोही तीन दर्जांचा, आणि चांगला मिळेपर्यंत तोच स्टेज परत परत. इथे बरेच जण कंटाळून सोडतात. सोडू नका, खजिन्याचे सेट पूर्ण झाले की मांजरं अचानक तगडी होतात, मागे अडलेला स्टेज हसत हसत पार होतो. तीन चॅप्टर संपले की बहामुत नावाचं एक मांजर मिळतं, एक फटका मारायला वेळ लावतं पण मारलं की समोरची रांग साफ. ते फुकट मिळतं आणि पुढे किती तरी दिवस पुरतं.

आणि मग ती सोडत.

गाचा. म्हाडाच्या सोडतीसारखंच, अर्ज सगळ्यांचा, घर एखाद्यालाच. 150 कॅट फूड (हे गेममधलं चलन) दिलं की एक कॅप्सूल निघतो, 1500 दिलं की अकरा निघतात. खूप वरच्या दर्जाचं मांजर, उबर, ते निघायची शक्यता साधारण 5 टक्के. वीसातला एक म्हणून कानाला बरं वाटतं. पण गणित करून बघा, दहा वेळा ओढलं तर एकही उबर न मिळण्याची शक्यता जवळजवळ 60 टक्के. तीस वेळा ओढलं तरी शंभरातले एकवीस जण हात हलवत परत. काही खास दिवसांत हा टक्का वाढतो, कधीकधी अकरात एक नक्की अशी ऑफर असते, त्यामुळे जुने खेळाडू महिनोन्महिने कॅट फूड साठवतात आणि त्याच दिवशी फोडतात. नवीन माणूस मात्र 150 झाले की लगेच ओढतो. मीही तेच केलं, नऊ-दहा वेळा, एकेक करून, आणि मिळालं काय तर तेच तेच. चूक माझीच, थांबायला काय झालं होतं.

पैशांबद्दल एक सांगतो, हा किस्सा बॅटल कॅट्सचा नाही, दुसऱ्याच एका गेमचा, नाव घेत नाही. एका रात्री साडेअकराला तिथे एका बॅनरची, म्हणजे ठरावीक दिवसांच्या सोडतीची, शेवटची वीस मिनिटं उरलीत असं दिसलं आणि मी चार रिचार्जमध्ये मिळून एकोणीसशे रुपये घातले. पाहिजे होतं ते आलंच नाही. सकाळी बायकोला बँकेचा मेसेज दिसला (खातं जॉइंट आहे), तिने काहीच विचारलं नाही, फक्त चहा देताना म्हणाली, गॅसचा सिलेंडर लावायचाय आठवण ठेव. तेव्हापासून कुठल्याही गाचावाल्या गेमच्या फोनवर मी पेमेंटची पद्धत सेव्हच करत नाही. लहान मुलाच्या हातात देणार असाल तर हे पहिलं करा, गेम नंतर.

बॅटल कॅट्समध्ये एक पैसा न घालता खूप लांबपर्यंत जाता येतं हे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण सगळा डोलारा त्या साध्या आणि क्रेझ्ड मांजरांवरच उभा आहे, उबर म्हणजे वरचं तूप. पण तुमचा स्वभाव कसा आहे? चिप्सच्या पाकिटातल्या टॅझोसाठी न आवडणारी चव पण खाणारे तुम्ही होतात का? असाल तर जपून.

ब्लून्स टीडी 6: मांडणाऱ्यांचं

न्यूझीलंडची निन्जा किवी कंपनी. ब्लून्सचा पहिला टॉवर डिफेन्स 2007 चा, तोही फ्लॅशमधलाच, म्हणजे आपल्या सायबर कॅफेच्याच घराण्यातला. सहावा भाग 2018 मध्ये आला. फोनवर हा विकत घ्यावा लागतो, एकदाच, आणि कॉम्प्युटरवर घेणार असाल तर स्टीम नावाच्या ऑनलाइन गेम-दुकानाच्या सेलमध्ये बऱ्याचदा स्वस्त मिळतो, घाई करू नका. आत आणखी खरेदीची दुकानं आहेत पण मला त्यांची कधी गरज पडली नाही, खेळून खेळून सगळं उघडतं. नशिबाचा डबा नाही, हा मोठा फरक.

राक्षस नाहीत इथे. फुगे येतात, माकडं फोडतात. आणि पकडायला काहीच नाही, फुग्याला बॉल टाकून आपला करता येत नाही, हे पोकेमॉनवाल्यांना पहिल्यांदा फार खुपतं. भाचा म्हणाला मग याच्यात जमवायचं काय? तर खरंच फार काही नाही. हीरो उघडायचे, नकाशांवर पदकं मिळवायची. ज्याला अल्बम भरल्याचं समाधान पाहिजे त्याला हा गेम कोरडा वाटणार.

पण मांडणी! प्रत्येक माकडाला अपग्रेडचे तीन रस्ते, प्रत्येक रस्त्यावर पाच पायऱ्या. नियम असा की एकाच रस्त्यावर दोनच्या वर जायचं, दुसऱ्यावर दोनपर्यंत, तिसरा बंद. एवढ्या एका नियमामुळे तेच डार्ट मंकी दहा माणसांच्या हातात दहा वेगळी माकडं होतात. वर जागेचा विचार. वळणाच्या आतल्या बाजूला ठेवलं तर फुगा त्याच्या टप्प्यात दोनदा येतो, झाडामागे ठेवलं तर काही नकाशांवर नजर अडते, चहूबाजूंनी खिळे उडवणारा टॅक शूटर वळणाच्या कुशीत पाहिजे, आणि स्नायपरला तुम्ही कोपऱ्यात टाकलं तरी फरक पडत नाही कारण तो सगळीकडे मारतो, म्हणून चांगल्या जागा त्याच्यावर वाया घालवायच्या नाहीत. हेच ते बुरुजावर कोण आणि दरवाज्यात कोण.

पोकेमॉनमध्ये पाण्याला वीज लागते तसं इथे फुग्यांचं आहे. काळा फुगा स्फोटाने फुटत नाही. शिशाच्या फुग्यावरून टोकदार बाण घसरतात, त्याला बाँब पाहिजे. जांभळ्यावर जादूचं चालत नाही. छुपा फुगा, कॅमो, तर साध्या माकडाला दिसतच नाही, निन्जाला दिसतो. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा आठ-नऊ डार्ट मंकी रस्त्याच्या दोन्ही बाजूला बसवून पाय पसरून बसलो होतो, सत्तावीस राउंड कसे गेले कळलं नाही. अठ्ठाविसाव्या राउंडला शिशाचे फुगे आले. मोजून सहाच. माझी माकडं बाण मारतायत, टण टण आवाज येतोय, आणि ते सहा जण लग्नाच्या वरातीसारखे निवांत माझ्यासमोरून चालत गेले. हसावं का रडावं.

यातून जो धडा मिळतो तो मिळतोच, विसरत नाही. पुढच्या वेळी अठ्ठावीसच्या आधी बाँब बसलेला असतो. चोविसाव्याला पहिला कॅमो येतो म्हणून त्याची सोय आधी. चाळीसला पहिलं मोठं फुग्याचं जहाज, मोआब. साठला त्याच्याहून मोठं बीएफबी, ऐंशीला झॉमजी, शंभराव्याला बॅड. सगळं ठरलेलं, दर वेळी तेच, एसटीच्या टाईमटेबलसारखं (छापील टाईमटेबल म्हणतोय, खरी गाडी नाही). त्यामुळे हरलात तर नशिबाला शिव्या घालायची सोय नाही. तुमची मांडणी चुकली, बस. मला हे आवडतं. माझ्या मित्राला अजिबात आवडत नाही, तो म्हणतो दिवसभर ऑफिसात हेच ऐकतो, घरी येऊन परत कशाला.

सगळ्यात कडक मोड चिम्प्स. एक जीव. विकणं बंद, जास्तीची कमाई बंद, पॉवर बंद, हरल्यावर तिथूनच पुढे चालू करणं बंद. सहाव्या राउंडपासून शंभरापर्यंत. याच्यातला त्रेसष्टावा राउंड म्हणजे शिशाच्या आणि सिरॅमिकच्या फुग्यांचे थवेच्या थवे, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही, आणि तिथे मी एका नकाशावर सलग चार रात्री गेलो. चौथ्या रात्री नवीन काहीच घेतलं नाही, फक्त एक अल्केमिस्ट (बाजूच्या माकडांना काढा देऊन जोर चढवणारं माकड) बोटभर अंतर अलीकडे सरकवून बसवला, म्हणजे त्याचा काढा बरोबर माकडाला पोचेल, आणि निघाला तो राउंड. बोटभर! मावळा चोरवाटेवरून उचलून दरवाज्यात ठेवला की कसं वाटायचं, ते.

समोरासमोर

आता ज्याला एकच निवडायचाय त्याच्यासाठी थेट.

वेळेचं बघा. बॅटल कॅट्सची एक लढाई दोन-चार मिनिटांत आटपते, लोकलमध्ये दादर ते कुर्ला एवढ्यात होते, पण प्रत्येक लढाईला लागणारी एनर्जी संपते आणि मिनिटाला एक या वेगाने परत भरते, म्हणजे तुम्हाला अजून खेळायचंय आणि गेम म्हणतो थांबा. मोठ्या माणसाला हे वरदान आहे, उठून कामाला लागतो. लहान पोरं मात्र एनर्जी भरली का बघायला दर वीस मिनिटांनी फोन हातात घेतात, आणि त्यातूनच ती सवय लागते, माझ्या मते खेळण्यापेक्षा ही बघत राहण्याची सवय वाईट. ब्लून्समध्ये एनर्जी नाही, कितीही खेळा. पण एक नकाशा नीट खेळायचा तर अर्धा-पाऊण तास जातो, वेग वाढवूनसुद्धा, मध्ये बंद केलं तर तो राउंड लक्षात ठेवतो ही मेहेरबानी. रात्री अकराला एक शेवटचा म्हणून सुरू करू नका.

नेट नसलं तरी ब्लून्स एकट्याने खेळता येतो, कोकणातल्या घाटात रेंज गेली तरी चालू. चौघांपर्यंत मिळून पण खेळता येतो, तेव्हा नेट लागतं. मी आणि भाचा मागे एकदा खेळलो होतो, त्याने सगळे पैसे एका सुपर मंकीसाठी साठवले आणि माझ्या बाजूने सगळे फुगे गेले, तरी मजा आली. बॅटल कॅट्स हा एकट्याचा कारभार आहे, फार तर एकमेकांना स्क्रीनशॉट पाठवायचे, मला हे मिळालं तुला काय मिळालं. टॅझोच.

फोन जुना असेल तर ब्लून्स शेवटच्या राउंडांमध्ये फोन तापवतो, स्क्रीनवर शेकडो फुगे आणि बाण एकदम उडत असतात, माझा आधीचा फोन ऐंशीच्या पुढे रांगायचा. मांजरांचं असलं काही नाही, चित्रंच तेवढी.

अवघड कुठला? वेगळ्या जातीचं अवघड. बॅटल कॅट्स अडवतो तेव्हा बऱ्याचदा उत्तर असतं की तुमच्याकडे योग्य मांजर नाही किंवा लेव्हल कमी आहे. म्हणजे आणखी जमवा. सगळ्यात चांगलं उदाहरण मेटल शत्रू, त्यांना कितीही जोरात मारा, एका फटक्याला एकच पॉइंट जातो, क्रिटिकल, म्हणजे काही मांजरांचा मधूनच बसणारा खास फटका, लागला तरच खरा मार बसतो. क्रिटिकलवालं मांजर नसेल तर बसा मोजत. ब्लून्स अडवतो तेव्हा जवळजवळ नेहमीच उत्तर तुमच्याकडे आधीपासून असतं, तुम्ही ते चुकीच्या जागी ठेवलेलं असतं.

मुलांसाठी विचारतात लोक. दोन्हीत रक्तबिक्त नाही. ब्लून्स देताना माझं मन निवांत असतं. बॅटल कॅट्स देताना पेमेंट काढून घेतो, आणि पोराला एकदा समोर बसवून ते साठ टक्क्यांचं गणित करून दाखवतो. भाच्याला दाखवलं होतं दहावीत असताना, संभाव्यतेचा धडा चालूच होता त्याचा, म्हणाला मामा पुस्तकात फासे आणि पत्ते आहेत, हे का नाही घालत.

दोन्ही एकात पाहिजे म्हणणारे

असे असतातच. त्यांच्यासाठी तिसरं नाव, आर्कनाइट्स, चीनमध्ये 2019 ला आला, बाकीच्यांसाठी 2020 च्या जानेवारीत. जमवणं पण आहे आणि मांडणं पण खरंखुरं आहे, चौकटींवर माणसं ठेवायची, जमिनीवर अडवणारे, उंच चौकटीवर नेमबाज, आणि ठेवताना तोंड कुठल्या दिशेला ते पण ठरवायचं, चुकीच्या दिशेला तोंड केलं की पाठीमागून शत्रू शांतपणे जातो. कागदावर बघाल तर आपल्या जुन्या गेमचा खरा वारस हाच. सगळ्यात वरच्या दर्जाचं पात्र निघायची शक्यता 2 टक्के, पण पन्नास वेळा नाही मिळालं तर पुढच्या प्रत्येक वेळी ती वाढत जाते, म्हणजे कधीतरी मिळणार हे नक्की. शिवाय खालच्या दर्जाच्या पात्रांवर लोकांनी कठीण कठीण स्टेज काढलेत.

तरी मी भाच्याला हा सुचवला नाही. एक तर राक्षस नाहीत, प्राण्यांचे कान असलेली गंभीर माणसं आहेत. दुसरं म्हणजे गोष्ट इतकी लांब आणि इतकं इंग्रजी वाचायचं की लढाईपर्यंत पोचता पोचता स्टेशन येतं. आणि एनर्जी सहा मिनिटांना एक. ज्याला वाचायला आवडतं, रोज अर्धा तास ठरवून देता येतो, त्याने खुशाल घ्यावा, चांगला आहे. ऑफिसातल्या दोघांपैकी एकीला मी हाच सांगितला, ती सुखात आहे.

भाच्याला काय सांगितलं? त्याला विचारलं, तुला पोकेमॉनमधलं काय आठवतं. त्याने तो गेम कधी खेळलाच नाही, फक्त माझ्याकडून ऐकलाय, म्हणून कार्टूनमधलं सांगायला लागला. तीन वाक्यात पाच पोकेमॉनची नावं, कोण कशापासून इव्हॉल्व्ह होतो ते. लढाई एकही नाही. म्हटलं बाबा तू मांजरं घे. सुरुवातीचं कॅट फूड उडवू नको, आधी सगळी नऊ मांजरं दहाव्या लेव्हलला ने, आणि फोन बदलशील तेव्हा जुना फॉरमॅट करायच्या आधी गेमच्या आत जाऊन ट्रान्सफर कोड काढून कुठेतरी लिहून ठेव, नाहीतर जमवलेलं सगळं पाण्यात.

काल त्याचा स्क्रीनशॉट आला. गायीची जिराफ झाली होती.